सॅपची लढाई सॅपशीच

जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट साखळीने 2011 साली माल आणि हिशेब सांभाळायला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली घ्यायचे ठरवले. सात वर्षे काम चालले, सुमारे 50 कोटी युरो खर्ची पडले आणि 2018 साली सगळा प्रकल्प गुंडाळून लिडल आपल्या जुन्या प्रणालीकडे परतली. कारण ऐकायला किरकोळ वाटते. लिडल मालसाठ्याची किंमत खरेदीच्या भावाने धरते. सॅपने किरकोळ व्यापारासाठी बसवलेली रीत विक्रीच्या भावाची. लिडल आपली रीत सोडायला तयार नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर वाकवायला घेतले, आणि त्यातच पैसा गेला.

एवढी नाचक्की झाल्यावर गिऱ्हाईक तुटायला हवे होते. झाले उलटेच. मार्च 2025 मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीला मागे टाकून सॅप बाजारमूल्यात युरोपात पहिली आली.

1972 साली आयबीएममधल्या पाच इंजिनिअरांनी नोकरी सोडून ही कंपनी काढली. हासो प्लाटनर आणि डिटमार हॉप ही त्यातली पुढे गाजलेली नावे. पहिले गिऱ्हाईक होते आयसीआय कंपनीचा नायलॉनचा कारखाना. स्वतःचा संगणक घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ही मंडळी गिऱ्हाइकाच्याच संगणकावर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम करत. त्या काळी प्रत्येक कारखाना आपल्यापुरता प्रोग्रॅम लिहून घेई. एकाच कारखान्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम थोड्याफार फरकाने दुसऱ्यालाही विकता येईल, हे या पाच जणांनी हेरले. 1992 साली आलेल्या आर/3 या प्रणालीने हा धंदा जगभर नेला. आज मुंबई महापालिका आणि महावितरणसारख्या संस्थाही सॅप वापरतात, आणि पुण्यात सॅपचे एखादे मॉड्यूल शिकून नोकरी धरणे हा कॉमर्स आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी रुळलेला रस्ता आहे.

एकदा घेतलेले सॅप सुटत का नाही? गोदामात माल उतरला आणि तिथल्या माणसाने नोंद केली की साठा वाढतो, खरेदीची ऑर्डर तेवढ्यापुरती पुरी होते आणि हिशेबाच्या वहीत रक्कम पडते. तीन खात्यांचे काम एका नोंदीत होते. पण प्रत्येक कंपनीची काही खास खोड असतेच, आणि त्यासाठी ती जादा प्रोग्रॅम लिहून घेते. असल्या प्रोग्रॅमचे नाव झेड किंवा वाय या अक्षरानेच सुरू करायचे, असा सॅपचा दंडक आहे. वीस वर्षांत हे झेड प्रोग्रॅम हजारांच्या घरात जातात. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, कागदपत्रे नसतात, आणि त्यातला एखादा बंद केला तर नेमके काय अडेल, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. सॅपची खरी तटबंदी सॅपने नव्हे, तिच्या गिऱ्हाइकांनीच आपल्या खर्चाने बांधली.

बाहेरचा शत्रू म्हणजे लॅरी एलिसन यांची ओरॅकल कंपनी. गंमत अशी की सॅपची कित्येक गिऱ्हाइके माहिती साठवायला ओरॅकलचाच डेटाबेस वापरत, त्यामुळे सॅपचा खप वाढला की एलिसन यांच्या गल्ल्यातही भर पडे. एलिसन यांनी पीपलसॉफ्ट ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली, तेव्हा सॅपने 2005 साली टुमॉरोनाऊ नावाची छोटी कंपनी घेऊन ओरॅकलच्याच गिऱ्हाइकांना स्वस्तात देखभाल पुरवायला सुरुवात केली. डाव अंगाशी आला. ओरॅकलचे सॉफ्टवेअर बेकायदा उतरवून घेतल्याचा खटला उभा राहिला आणि 2010 साली ज्यूरीने 130 कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. ती पुढे बरीच कमी झाली. खरे उत्तर वेगळ्याच वाटेने आले. प्लाटनर आणि सॅपचे तेव्हाचे तंत्रज्ञानप्रमुख विशाल सिक्का यांच्या पुढाकाराने हाना हा स्वतःचा डेटाबेस तयार झाला. तो माहिती डिस्कवरून उचलत बसण्याऐवजी थेट मेमरीत ठेवतो. 2015 साली आलेली एस/4 हाना ही नवी पिढी फक्त हानावरच चालते. ओरॅकलच्या डेटाबेसला तिथे जागाच उरली नाही.

मात्र नव्या घरात जायचे तर झेड प्रोग्रॅमचा सगळा पसारा तपासून न्यावा लागतो. जुने चालते आहे, मग हात का लावायचा, असे गिऱ्हाइकांनी ठरवले. सॅपने जुन्या प्रणालीच्या देखभालीला 2025 ची मुदत घातली होती. 2020 साली ती 2027 अखेरपर्यंत वाढवली, आणि जादा पैसे मोजल्यास 2030 पर्यंत. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुख्याधिकारी क्रिस्टियान क्लाइन यांनी नफ्याची उद्दिष्टे पुढे ढकलून क्लाउडवर भर द्यायचे जाहीर केले. शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक कोसळला. गुंतवणूकदारांनी घाई केली, हे आज दिसते: एकदा विकलेल्या परवान्याऐवजी दरसाल येणारे भाडे हाच सॅपच्या आजच्या भावाचा पाया आहे.

त्यासाठी गिऱ्हाइकांना थोडे ढकलावेही लागले. 2023 साली क्लाइन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेसह नव्या सोयी क्लाउडवर येणाऱ्यांनाच मिळतील असे सांगितले, तेव्हा सॅप वापरणाऱ्या जर्मन कंपन्यांच्या संघटनेने जाहीर नाराजी नोंदवली. स्वतःच्या सर्व्हरसाठी लाखो युरो मोजलेल्यांचा राग समजण्यासारखा होता. सेल्सफोर्स आणि वर्कडे हे प्रतिस्पर्धी विक्री आणि मनुष्यबळ या बाजूंनी आत शिरतात. सॅपनेही सक्सेसफॅक्टर्स, अरीबा, कॉन्कर अशा कंपन्या विकत घेऊन आपल्या बाजू झाकल्या. 800 कोटी डॉलरला घेतलेली क्वालट्रिक्स ही सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरची कंपनी मात्र पचली नाही आणि 2023 साली विकून टाकली.

जुन्या प्रणालीवर ठाम राहणाऱ्यांसाठी रिमिनी स्ट्रीट ही कंपनी स्वस्तात देखभाल देते. तिचे संस्थापक सेथ रॅविन हे आधी टुमॉरोनाऊतच होते. ओरॅकलची गिऱ्हाइके फोडायला सॅपने जी कंपनी घेतली, तिथून बाहेर पडलेला माणूस आता सॅपची गिऱ्हाइके फोडतो आहे. अशा बाहेरच्या देखभालीकडे वळू पाहणाऱ्या गिऱ्हाइकांना सॅपच्या अटी अडवतात का, याची रीतसर चौकशी युरोपीय आयोगाने सप्टेंबर 2025 मध्ये सुरू केली. आपले वागणे स्पर्धेच्या नियमांना धरूनच आहे, असे सॅपचे म्हणणे आहे.