ओळखीची नसेल ती अळंबी टोपलीत नको

श्रावणाच्या आसपास दोन-चार दिवस पाऊस लागावा, ढगांचा गडगडाट व्हावा आणि मग जरा उघडीप पडावी. तळेऱ्याच्या परिसरात दुसऱ्या दिवशी पहाटेच माणसे टोपली घेऊन रानाकडे निघतात. ढग गडगडले की अळंबी उगवते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. श्रावणात मांस-मच्छी बंद असलेल्या घरांत तर ओल्या खोबऱ्याच्या वाटपातली अळंबी म्हणजे पर्वणीच! मीही ती आवडीने खातो. पण आज लिहायचे आहे ते चवीबद्दल नव्हे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस होते. रात्री आठच्या सुमारास तीन तरुणांना घेऊन घरची मंडळी दवाखान्यात आली. मुलगे मुंबईहून गावी आलेले. एकाला उलट्या थांबत नव्हत्या. दुसरा पोट धरून वाकला होता. तिसरा भिंतीकडे एकटक बघत होता, "भिंत हलतेय" म्हणत होता आणि आपले हृदय बंद पडणार या भीतीने थरथर कापत होता. त्याची आई मला एकच विचारत होती, "डॉक्टरानू, माझो झील बरो होतलो मां?"

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. मोबाईलवर कुठेतरी 'जादूची अळंबी' पाहून हे तिघे गुरांच्या चरणीच्या माळावर गेले होते. सापडली ती वेचली आणि सहाच्या सुमारास खाल्ली. त्रास सातनंतर सुरू झाला. मी सलाईन लावले आणि १०८ ची गाडी बोलावून तिघांना कणकवलीला पाठवले. तिघेही वाचले, हे आधीच सांगतो.

त्यांची उरलेली पिशवी मात्र मी ठेवून घेतली होती. रात्री ती टेबलावर उघडली, तर आत एक नव्हे, तीन जातींची अळंबी! एक मोठी, पांढरी, खवलेदार छत्री मी कोऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकली. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडली होती. हिरव्या बीजाणूंची ही छत्री 'क्लोरोफिलम' या विषारी जातीची खूण. ती दिसायला अगदी खाण्यासारखी असते, गवताळ जागेत येते आणि एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब करते. उरलेल्या दोन कोणत्या, ते मला ओळखता आले नाही. भिंत हलली ती अळंबीमुळे की घाबरल्यामुळे, तेही सांगता येणार नाही. पण ज्यांनी ती खाल्ली, त्यांना तरी कुठे ओळखता आले होते?

वाचकहो, या 'जादू'मागची हकीगत थोडक्यात सांगतो. गॉर्डन वॉसन नावाच्या अमेरिकन बँक अधिकाऱ्याने १९५५ साली मेक्सिकोतील एका आदिवासी गावात धार्मिक विधीत अशी अळंबी खाल्ली आणि १९५७ साली 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले; तेच सिलोसायबिन. याच वॉसनने १९६८ साली वेदांतला सोम म्हणजे लाल टोपीची एक अळंबी असावी, असे मत मांडले. बऱ्याच अभ्यासकांना ते पटलेले नाही.

आज सिलोसायबिनवर उदासीनतेच्या आजारासाठी गंभीरपणे संशोधन चालू आहे. ऑस्ट्रेलियाने तर जुलै २०२३ पासून, इतर औषधांना दाद न देणाऱ्या उदासीनतेसाठी ते वापरण्याची परवानगी ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना दिली आहे. पण तिथे द्रव्य शुद्ध असते, मात्रा मोजलेली असते, रुग्ण आधी तपासलेला असतो आणि जाणकार माणूस तासन् तास शेजारी बसलेला असतो. माळावर यातले काय असते? घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर अशा द्रव्याने तो उसळण्याचा धोका असतो. शिवाय आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सिलोसायबिन आहे. म्हणजे प्रकृतीचा धोका आणि पोलिसांचाही.

सर्वांत मोठा धोका मात्र चुकीच्या ओळखीचा. काही जातींत 'अमॅटॉक्सिन' नावाचे विष असते. शिजवून, उकळून, वाळवून ते जात नाही. परदेशात नशेची म्हणून तपकिरी अळंबी वेचताना नेमकी हे विष असलेली तपकिरी अळंबी हाती येऊ शकते. हे विष लबाड आहे. सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी माणसाला बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि आतल्या आत यकृत निकामी होत असते. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांत चहामळ्यांतली गरीब कुटुंबे अधिक होती. ती माणसे नशेसाठी गेली नव्हती, जेवणासाठी गेली होती.

म्हणून काही गैरसमज मनातून काढून टाका. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडली तरच अळंबी विषारी, हे खोटे. गोगलगाय किंवा किडा खातो म्हणून आपल्याला चालेल, हे खोटे. भडक रंगाचीच विषारी असते, हेही खोटे. जीव घेणाऱ्या काही जाती पांढऱ्याशुभ्र असतात.

अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर पुढील गोष्टी कराव्यात :

१. घरच्या घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

२. कधी खाल्ली आणि त्रास कधी सुरू झाला, ही वेळ लिहून ठेवावी. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास अधिक गंभीर समजावा.

३. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी.

४. बरे वाटले तरी डॉक्टरांनी सोडल्याशिवाय घरी येऊ नये. ज्यांनी ती खाल्ली त्या सर्वांना दाखवावे, त्रास नसला तरी.

५. नशेसाठी खाल्ली असेल तर तसे स्पष्ट सांगावे. लाजेने गेलेला एक तास महागात पडतो.

पुढे त्या मुलांपैकी एकाच्या आजीला मी म्हटले, "आजी, मला एकदा अळंबीला घेऊन चला." पहाटे आम्ही निघालो. वाटेत डझनभर छत्र्या दिसल्या; आजीने त्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी एका वारुळापाशी ती थांबली. वाळवी वारुळात पाल्यापाचोळ्याच्या स्पंजासारख्या थरावर बुरशी पोसते आणि पावसात तिच्याच छत्र्या वर येतात. त्यांचा देठ लांब मुळासारखा खोल गेलेला असतो. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसेस. ती शेतात पिकवणे अजून साधलेले नाही. गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. आजीने हलक्या हाताने काही काढली, कळ्या तशाच ठेवल्या, वारूळ खणले नाही.

मी शेजारची एक गोरीगोमटी छत्री उचलून दाखवली. आजी म्हणाली, "वळखीची नसात ती टोपलीत घालूची नाय."

"पण विषारी आहे का ही?"

"माका काय म्हायत? माझ्या आवशीन माका ही दाखवक नाय."

तिला जंगलातली सगळी अळंबी ओळखता येत नव्हती. दोनच जाती ओळखता येत होत्या, आणि साठ-सत्तर पावसाळे ती त्या दोघींवरच थांबली होती. तिचा नातू मागून मुकाट्याने चालत होता. परत येताना टोपली त्याने आपल्या हातात घेतली. त्या दुपारी मी त्यांच्याकडेच जेवलो.