एसी हवा बदलत नाही

दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट धरा. तीत साधारण 28 हजार लिटर हवा मावते. दोन मोठी माणसं झोपली, खिडक्या गच्च लावल्या, दाराच्या फटीशी पायपुसणं सरकवलं आणि एसी चोविसावर ठेवला. झोपलेला माणूस तासाला ढोबळमानाने 12 ते 15 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे दोघांमुळे खोलीतलं त्याचं प्रमाण तासाला जवळपास 1000 पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत 1000 भागांनी) वाढू शकतं. बाहेरच्या हवेत ते सुमारे 420 असतं. फटींतून थोडी हवा ये-जा करते, त्यामुळे आकडा याच वेगाने चढत राहत नाही. तरी पहाटेपर्यंत 2000च्या पुढे जाणं यात नवल नाही. सकाळी डोकं जड झालं की खापर मात्र रात्रीच्या जेवणावर फुटतं.

भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नव्हे. जुन्या घरांत दारा-खिडक्यांवर व्हेंटिलेटर असायचे, ते नव्या फ्लॅटमधून गेले. बाल्कनी आत घेऊन सरकत्या काचा बसवल्या, की उरलासुरला वाराही बंद.

खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडला 1000 पीपीएमची मर्यादा सुचवली ती म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी, 1858 साली. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी असतो, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. खोलीतली हवा माणसांनी किती वापरून झाली आहे, याची ती खूण होती. श्वासाबरोबर ओलावा, शरीराचे वास, सर्दी-तापाचे विषाणू असं बरंच काही बाहेर पडतं. ते सगळं मोजत बसण्यापेक्षा हा एक वायू मोजणं सोपं. कोविडच्या काळात वर्गखोल्यांत याचे मीटर लावले गेले ते याच हिशेबाने.

हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सिरॅक्यूज इथे 24 जणांना ऑफिससारख्या खोल्यांत काम करायला बसवलं आणि हवा रोज गुपचूप बदलली. वायू 1400 पीपीएमच्या आसपास असलेल्या दिवशी निर्णयक्षमतेच्या चाचणीतले गुण, भरपूर ताजी हवा खेळवलेल्या दिवसांच्या तुलनेत सरासरी निम्म्यावर आले. हा आकडा मी थोडा हात राखूनच घेईन. पुढच्या एका प्रयोगात नुसता शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडला तेव्हा फरक दिसला नाही. माणसांच्या वावराने कोंदलेल्या हवेत मात्र दिसला. म्हणजे पेटनकोफर यांचीच बाजू बळकट झाली.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं: खोलीत शेणाचा ढीग असेल तर वास घालवायला खिडक्या उघडत बसू नका, आधी ढीग उचला. आपल्याकडचा ढीग म्हणजे डासांची कॉइल. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे पीएम 2.5 कण सोडते, तेवढे सोडायला 75 ते 137 सिगारेटी जाळाव्या लागतील, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळलं. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक, त्यामुळे नाक-घसा ओलांडून थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात; दमा बळावतो, हृदयावरही ताण येतो. घरात कोणी विडी ओढली तर आपण हटकतो आणि बाळाच्या पाळण्याखाली मात्र कॉइल लावतो! मच्छरदाणीला डास अडवायला धूर लागत नाही.

एअर प्युरिफायर घेतला की काम झालं, असंही नाही. त्याचा फिल्टर धूळ आणि धूर पकडतो, कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. कुंड्यांवरही भिस्त नको; नुसत्या रोपांनी खोलीतली हवा शुद्ध करायची, तर राहायला जागाच उरणार नाही.

मग उरते खिडकी. ती कधी उघडायची, यातही मेख आहे. थंडीत पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर-धूळ त्यातच अडकते. ऊन तापलं की तो थर मोडतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः रस्त्यालगतच्या घरात, खिडक्या दुपारी सताड उघडा, समोरासमोरच्या उघडल्यात तर उत्तम. रात्री एसी लावलात तरी एक झडप बोटभर उघडी ठेवा. विजेचं बिल किंचित वाढेल, ते वाढू द्या.