दोन घरचा पाहुणा

आमच्या गॅलरीत उभे राहिले, की समोर जमिनीचा एक तुकडा दिसतो. शिंप्याकडे पोलक्याचे कापड बेतून उरलेली पट्टी असावी, तसा लांबट आणि निमुळता. एका अंगाला हमरस्ता, दुसऱ्या अंगाला आमच्या सोसायटीचे कुंपण आणि मधे हा. पावसाळ्यात त्यात घोटाभर पाणी, उन्हाळ्यात कुणीतरी रात्रीतून आणून टाकलेला राडारोडा. आम्ही ट्रॉम्बेला राहायला आलो, तेव्हापासून मी तो असाच पाहतो आहे.

एके दिवशी आमच्या सौ. म्हणाल्या, "तेवढ्या पट्टीवर चांगली फरसबंदी झाली, तर शाळेची पोरे ट्रकच्या चाकाखालून चालायची नाहीत. तुम्ही नुसतीच वर्तमानपत्रे वाचता, एक अर्ज करा की!"

आज्ञा शिरसावंद्य मानून मी अर्ज केला. एका कचेरीत सांगण्यात आले, "जागा राज्य सरकारची. आम्हांला हात लावता येत नाही." दुसऱ्या कचेरीत सांगण्यात आले, "आमचे काम रस्त्याचे. ही पट्टी रस्त्यात येत नाही. झाडलोट, दिवे, गटारे हे सगळे पालिकेचे." दोघेही सभ्यपणे बोलले, एकाने तर चहाही पाजला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हा असा!

आता अशा पट्ट्या मुळात उरतात तरी का? सरकार रस्त्यासाठी जमीन घेते, ती पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून ऐसपैस घेते. महामार्गांविषयीचा आपला कायदा १९५५ सालचा. त्यात महामार्गाची हद्द आणि तिच्या बाहेरच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेषा आखण्याची तरतूद आहे. पुढे वळण सरळ होते, उड्डाणपूल येतो, जुना नाका उठतो. कुठे त्रिकोण उरतो, कुठे पट्टी. खेड्यात असती, तर कुणी तिच्यात तूर पेरली असती. शहरात तिच्यावर कचरा उगवतो.

आमच्या भागाची गोष्ट याहून थोडी निराळी. इथे १९५४ साली अणुशक्ती केंद्राची पायाभरणी झाली, त्याच सुमारास शेजारी माहुलकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले आणि कोळी-आगऱ्यांच्या या शांत कोपऱ्यात टँकरांची रांग लागली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ साली वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. म्हणजे घरे पालिकेच्या हद्दीत आली; पण मोठे हमरस्ते राज्याच्या बांधकाम खात्याकडेच राहिले. माणूस पालिकेचा, त्याच्या दारचा रस्ता मात्र सरकारचा! पुढे १९७५ साली महानगर प्रदेशासाठी वेगळे प्राधिकरण स्थापन झाले आणि कालांतराने या रस्त्यांना तिसरा धनी मिळाला.

हा गुंता सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न २०२२ सालच्या अखेरीस झाला. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग प्राधिकरणाकडून महापालिकेकडे सोपवण्यात आले. खड्डा कुणी बुजवायचा, हा प्रश्न तरी त्यामुळे निकालात निघाला. ती बातमी वाचून मला अतोनात आनंद झाला. आमची पट्टी त्या महामार्गांवर नाही, तरी म्हटले, आज त्यांचे, उद्या आपले.

पण आमच्या शेजारी राहणारे अण्णा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो, देखभाल देणे निराळे आणि जमीन देणे निराळे. मालकी, ताबा आणि निगा या तीन वस्तू आहेत. सरकार पुष्कळदा तिसरी देते आणि पहिली ठेवून घेते. कागदावर मिळकतपत्रिका कुणाच्या नावाची, ते आधी बघा."

अण्णांचे म्हणणे किती खरे, ते मी दुर्दैवाने जवळून पाहिले आहे. १३ मे २०२४ रोजी संध्याकाळच्या सुमारास वादळी वारा सुटला आणि घाटकोपरला छेडानगराजवळ, याच पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला, एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला. सतरा माणसे गेली. पालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांच्या फलकाला परवानगी देते. हा त्याच्या कितीतरी पट मोठा होता. जागा पोलीस खात्याच्या ताब्यातली आणि पालिकेची परवानगी घेतलेली नाही. शेजारून जाणारा रस्ता पालिकेचा, कडेची जमीन दुसऱ्या खात्याची! जमीन कुणाची, हा निव्वळ दप्तरातला प्रश्न नाही, हे त्या संध्याकाळी कळले.

मग हस्तांतर कसे असावे? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, जुना महामार्ग गावाच्या स्वाधीन करण्यापूर्वी तो राज्याने चांगल्या स्थितीत आणून द्यावा, असा कायदाच आहे. आपल्याकडचा सज्जन भाडेकरू नाही का, भिंतींना चुना लावून मग किल्ली देतो! जमिनीची मोजणी, हद्दीचे दगड, कागदावर नाव आणि पहिल्या काही वर्षांच्या निगेचा खर्च, एवढे बरोबर आले तर ते दान. नाही तर ते ओझे. आधीच वाकलेल्या पालिकेने ते का उचलावे?

एवढे ज्ञान मिळवून मी नवा, भला थोरला अर्ज लिहिला. जागा पालिकेकडे द्यावी, तिथे फरसबंदी व दिवे करावेत, आणि शेवटी ठसक्यात, 'सदर जागेवरील अतिक्रमण त्वरित हटवावे.'

अर्ज खिशात घालून निघालो, तो पट्टीच्या टोकाशी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी हाक मारली. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून त्या येतात. आम्ही इथे आलो, त्याच्या आधीपासून त्या तिथे बसतात.

"भाऊ, जागा पालिकेची व्हनार म्हनतात. मग माजी पाटी उचलनार का?"

मी खिशावरचा हात काढला नाही. माझ्या अर्जातले 'अतिक्रमण' म्हणजे ह्या मावशी! दर रविवारी मी ज्यांच्याशी बोंबलाच्या भावावरून हुज्जत घालतो, त्या.

त्या रात्री मी फेरीवाल्यांचा २०१४ सालचा कायदा वाचून काढला. विक्रेत्यांची पाहणी करणे, त्यांना प्रमाणपत्र देणे, जागा नेमणे, ही कामे त्या कायद्याने स्थानिक संस्थेवर टाकली आहेत. पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला उठवू नये, असेही त्यात आहे. अंमलबजावणी मात्र गोगलगायीच्या चालीने. मुंबईत त्यासाठीच्या समितीवर विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडायला मतदान झाले, तेच मुळी २०२४ साली. तरी दार आहे. बेवारशी पट्टीवर मावशींनी दाद मागायची ती कुणाकडे? जागेला एक धनी मिळाला, तर निदान त्याचे दार तरी ठोठावता येईल.

सकाळी अर्जातली शेवटची ओळ खोडली आणि तिथे लिहिले, 'पादचाऱ्यांना वाट ठेवून, येथे पूर्वीपासून बसणाऱ्या विक्रेत्यांस कायद्याप्रमाणे जागा नेमून द्यावी.' सौ.नी वाचला. म्हणाल्या, "आता अर्ज शहाण्यासारखा झाला."

अर्ज दिला आहे. पोचपावती कपाटात, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवली आहे. यंदा नरकचतुर्दशीला अंगणात पणत्या लावताना एक पणती सौ. कुंपणापलीकडे, त्या पट्टीवर ठेवणार म्हणतात. जागा कुणाची का असेना, दिवाळीत अंधारात राहू नये.