गप्प बसणाऱ्या अक्षरांची गोष्ट

बालमित्रांनो, इंग्रजीच्या तासाला हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी पडलाच असेल. ‘नाइफ’ म्हणजे सुरी. उच्चार ऐकला तर सुरुवात ‘एन’ने व्हायला हवी. पण स्पेलिंग लिहायचं के-एन-आय-एफ-ई! तो पहिला ‘के’ तिथे करतो काय? ‘नाइट’ म्हणजे रात्र. तिच्यात ‘जी’ आणि ‘एच’ ही जोडी मधोमध ठाण मांडून बसलेली, उच्चारात मात्र त्यांचा पत्ताच नाही. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात ‘बी’ लपलेला. ‘आयलंड’ म्हणजे बेट, त्यात ‘एस’ दडलेला. वर्गात मागच्या बाकावर बसून हजेरी तेवढी लावणाऱ्या मुलांसारखी ही अक्षरं! तोंड म्हणून उघडत नाहीत.

मग स्पेलिंगं पाठ करताना जीव मेटाकुटीला येतो. वहीत लाल रेघा उमटतात. काहींना तर वाटू लागतं, ‘आपलं डोकंच इंग्रजीचं नाही!’ छे, छे! दोष तुमच्या डोक्याचा नाही. ही अक्षरं पूर्वी चांगली खणखणीत बोलत होती. ती गप्प का झाली, हे कळायला आपल्याला सुमारे १५०० वर्षं मागे जावं लागेल. चला तर!

होड्यांतून आलेली भाषा

आज ज्याला आपण इंग्लंड म्हणतो, तिथे सुरुवातीला इंग्रजी कुणी बोलतच नव्हतं. तिथे केल्टिक भाषा बोलणारे लोक राहत आणि त्यांच्यावर रोमनांचं राज्य होतं. इ. स. ४१०च्या सुमारास रोमनांचा अंमल संपला. पुढे त्याच शतकात समुद्रापलीकडून, म्हणजे आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या भागातून, अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या होड्यांतून आल्या आणि तिथेच राहिल्या. अँगल लोकांची भूमी ती इंग्लंड आणि त्यांची भाषा ती इंग्लिश.

त्या जुन्या इंग्रजीत ‘क’ आणि ‘न’ हे दोन्ही आवाज स्पष्ट ऐकू येत. आज गुडघ्याला ‘नी’ म्हणतात, तेव्हा तो शब्द साधारण ‘क्नेओ’ असा ऐकू येई. रात्रीला म्हणत ‘निख्त’. त्यातला ‘ख’ घसा खाकरल्यासारखा! त्याच आवाजासाठी पुढे ‘जी-एच’ लिहू लागले.

मग आले व्हायकिंग. ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्न या बेटावरचा मठ लुटला. पुढे त्यांच्यातले कितीतरी जण इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला शेती करून राहिले. शेजार आला की शब्दांची देवघेव होतेच. ‘स्काय’, ‘एग’, ‘लेग’ हे शब्द त्यांच्या भाषेतून आले. आपली सुरीसुद्धा त्यांचीच, आणि तिच्यातला ‘क’ तेव्हा बोलका होता. ‘विंडो’ही त्यांचाच शब्द, अर्थ काय ठाऊक आहे? वाऱ्याचा डोळा! आपल्याकडेही खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. गंमत आहे की नाही?

राजा फ्रेंच, रयत इंग्रज

१०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम सैन्य घेऊन आला. हेस्टिंग्जच्या लढाईत त्याने इंग्लंडच्या राजाला हरवलं आणि स्वतः राजा झाला. दरबारात फ्रेंच सुरू झाली. सरदार फ्रेंच बोलू लागले. चर्चमध्ये आणि दप्तरात लॅटिन होतीच. मग इंग्रजी कोण बोलत होतं? नांगर धरणारे, गुरं राखणारे, भांडी घासणारे लोक!

याची खूण आजही शब्दकोशात सापडते. गोठ्यातली गाय ‘काउ’ आणि मेंढी ‘शीप’ हे जुने इंग्रजी शब्द. पण त्यांचं मांस ताटात आलं की ते होतं ‘बीफ’ आणि ‘मटन’. हे मूळचे फ्रेंच. पाळणारे एक, खाणारे दुसरे!

आज जी भाषा फाडफाड यावी म्हणून मोठी माणसंसुद्धा धडपडतात, ती सुमारे ३०० वर्षं आपल्याच देशात मागच्या दाराने वावरत होती. दरबारात तिला मान नव्हता. पण रयतेने ती सोडली नाही. आया आपल्या मुलांशी तिच्यातच बोलत राहिल्या. शेवटी १३६२ साली कायदा झाला की, कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत, कारण फ्रेंच लोकांना समजत नाही. आणि गंमत म्हणजे, तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये!

तोवर हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत मिसळले होते. ‘जज’, ‘जस्टिस’, ‘कलर’, ‘टेबल’ हे सगळे त्यांतलेच. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी स्पेलिंगंही बदलली. ‘क्वीन’ची सुरुवात आधी ‘सी-डब्ल्यू’ने होत असे. त्यांनी तिथे ‘क्यू-यू’ बसवले. राणीच्या कपाळी ते कायमचे चिकटले!

अंडी मागितली, फ्रेंच मिळाली

१४७६ साली विल्यम कॅक्सटन याने लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्याच्यापुढे प्रश्न पडला, कुठली इंग्रजी छापायची? बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसंच तिथेही होतं. त्याने १४९०च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक किस्सा लिहून ठेवला आहे.

काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून ते किनाऱ्यावर उतरले. एकाने तिथल्या एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, “मला बाबा फ्रेंच येत नाही.” व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! मग दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, “याला ‘आयरेन’ हवीत.” तेव्हा कुठे बाईला कळलं. ‘एग्ज’ हा उत्तरेकडचा, व्हायकिंगांचा शब्द, तर ‘आयरेन’ हा जुना दक्षिणेकडचा. दोन्हींचा अर्थ अंडीच.

छापखान्यामुळे हळूहळू एकेका शब्दाचं एकच स्पेलिंग रुळू लागलं. पण इथेच गोची झाली. शिशाचे खिळे जागेवर बसले, जीभ मात्र पुढे पळाली! साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या लांब स्वरांचे उच्चार पार बदलले. आधी ‘नेम’ या शब्दाचा उच्चार जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखा होता. ‘टाइम’ होता ‘टीम’सारखा आणि ‘हाउस’ होता ‘हूस’. बोलणं बदललं, लिहिणं जुनंच राहिलं. याच काळाच्या शेवटी शेवटी सुरीतला ‘के’ही गप्प झाला. कागदावरची त्याची जागा मात्र सुटली नाही.

म्हणजे स्पेलिंग हे जुन्या उच्चाराचं छायाचित्र आहे म्हणा ना! माणूस मोठा झाला, फोटो लहानपणीचाच राहिला.

पंडितांची करामत

सगळीच गप्प अक्षरं मात्र अशी प्रामाणिक नाहीत बरं का! ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही. हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता. पुढे पंडितांना वाटलं, लॅटिनमध्ये ‘डेबिटुम’ आहे, तर इथेही ‘बी’ हवाच. दिला घुसवून! ‘आयलंड’मध्ये तर चक्क चूक झाली. तो जुना इंग्रजी शब्द, त्यात ‘एस’ नव्हता. पण त्याच अर्थाचा ‘आइल’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द ‘एस’ घालून लिहीत. त्याचंच हे भावंड असावं अशा समजुतीने लोकांनी इथेही ‘एस’ घातला. पंडितांची चूक नियम झाली, आणि तो नियम मोडला की आपले मार्क जातात!

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सन यांचा मोठा शब्दकोश निघाला आणि बहुतेक स्पेलिंगांवर शिक्का बसला.

मराठीचं मुंगूस

एव्हाना इंग्रज जगभर फिरू लागले होते. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली. आधी व्यापार आणि मग राज्य. इंग्रजी जगभर पसरली ती गोडव्यामुळे नाही, तर जहाजं, पैसा आणि सत्ता यांच्या जोरावर. पण जाईल तिथले शब्द तिने उचलले. भारतातून ‘लूट’, ‘जंगल’, ‘बंगला’ हे शब्द तिकडे गेले. आणि ‘मंगूस’? तो आपल्या मराठी मुंगसावरून आला! म्हणूनच ‘गूस’ या हंसासारख्या पक्ष्याचं अनेकवचन ‘गीस’, पण मुंगसाचं ‘मंगूसेस’. त्या पक्ष्याशी मुंगसाचं नातंच नाही.

आपणही काही कमी नाही. ‘चावी’, ‘पगार’ आणि ‘बटाटा’ आपण पोर्तुगीजांकडून घेतले, तर ‘दुकान’ आणि ‘हजार’ फारसीतून. आणि गप्प अक्षरांना हसण्याआधी आपला पोटफोड्या ‘ष’ आठवा. एके काळी त्याचा उच्चार वेगळा होता. आज बहुतेक सगळे तो शहामृगाच्या ‘श’सारखाच म्हणतात, पण शुद्धलेखनात चुकलं की खूण होतेच! ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ही एकच लिहितो, म्हणतो मात्र वेगवेगळा. परदेशी माणूस मराठी शिकायला बसला, तर तोही डोक्याला हात लावेल.

तेव्हा दोस्तांनो, स्पेलिंग चुकलं तर ते सुधारा, पण त्याची लाज बाळगू नका. पालकांनो, तुम्हीही वहीतल्या लाल रेघेवरून मुलाची हुशारी मोजू नका. एकदा त्याच्याबरोबर बसून ‘हे अक्षर इथे कुठून आलं असेल?’ असं विचारून पाहा. गोष्ट कळली की स्पेलिंग लक्षात राहायला मदतच होते. आणि कुठलीही भाषा जन्माने मोठी नसते, की लहानही नसते. आज घरात बोलली जाणारी साधी बोली उद्या कुठे पोचेल, कुणी सांगावं?

करून पाहा : तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकातून गप्प अक्षरांचे दहा शब्द शोधून वहीत लिहा. त्यांतली ‘के-एन’ आणि ‘जी-एच’ची किती भरतात, ते मोजा. मग जुन्या इंग्रजांसारखी सगळी अक्षरं मोठ्याने म्हणा. घरातले हसतील, हसू देत. त्यांना सांगा, कोणे एके काळी हेच बरोबर होतं!