राणीमाशीचें बाळपण व विवाह

प्रश्नोपनिषदांत प्राणाचें श्रेष्ठत्व सांगतांना मधमाश्यांचा दृष्टान्त दिला आहे. मधमाश्यांचा राजा उठला कीं सर्व माश्या उठतात व तो बसला कीं सर्व बसतात, तशींच इतर इंद्रियें प्राणाच्या मागोमाग जातात, असा त्याचा आशय आहे. हें निरीक्षण किती सूक्ष्म आहे, तें ज्यानें मोहोळ उठतांना पाहिलें आहे त्याला सांगावयास नको. त्यांत चुकलें एवढेंच कीं, ज्याला ऋषींनीं राजा म्हटलें तो राजा नसून राणी आहे. ही चूक एकट्या आपल्या पूर्वजांची नव्हे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानेंही तिला राजाच मानलें होतें. सतराव्या शतकांत यान स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें तिचें विच्छेदन करून अंडाशय दाखविले, तेव्हां हा वाद मिटला.

मध प्रत्येक घरांत असतो. औषधाच्या अनुपानापासून देवाच्या पंचामृतापर्यंत त्यावांचून आपलें चालत नाहीं. पण तो ज्या घरांतून येतो त्या घरची मुख्य बाई वाढते कशी, तिचा विवाह कोठें होतो, आणि त्यांत आपणांस कितपत हात घालतां येतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या घराच्या परसांत सातेरी माश्यांच्या चार पेट्या आहेत. त्यांच्या संगतींत जें शिकावयास मिळालें, आणि माझ्याच एका उतावळेपणामुळें जें नुकसान झालें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

सातेरी ही आपली देशी पाळीव मधमाशी. आग्या मोहोळ उंच झाडावर अगर कड्यावर उघडें लोंबतें. फुलोरी माशी झुडुपांत एकच लहानसें पोळें बांधते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत, अंधारांत, एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं बांधते, म्हणूनच ती पेटींत सुखानें नांदते. एका वसाहतींत कांहीं हजार कामकरी माश्या, हंगामांत कांहीं शें नर, आणि राणी एकच. कामाच्या दिवसांत कामकरी माशीचें आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास असतें. म्हणजे आज पेटींत दिसणारें जवळजवळ सारें कुटुंब दोन महिन्यांनीं नाहींसें झालेलें असावयाचें. घर टिकतें तें राणी रोज शेंकडों अंडीं घालते म्हणून. राणी गेली आणि तिच्या जागीं दुसरी आली नाहीं, तर बाहेरून भरभराटींत दिसणारें तें घर पाहतां पाहतां ओस पडतें.

आतां मौज अशी कीं, राणी कांहीं निराळ्या अंड्यांतून जन्मत नाहीं. ज्या अंड्यांतून कामकरी माशी निघते त्याच अंड्यांतून राणीही होऊं शकते. भेद असतो तो अन्नाचा व निवाऱ्याचा. अंडें तीन दिवसांनीं फुटतें. त्यांतून निघालेल्या सर्वच अळ्यांना दाया माश्या प्रारंभीं आपल्या डोक्यांतील ग्रंथींतून पाझरणारें पांढरट राजान्न भरवितात. कामकरी व्हावयाच्या अळीला तें तीन दिवसांच्या सुमारास बंद होऊन पुढें मध व पराग मिळतो. राणी व्हावयाची जी असेल तिला मात्र शेवटपर्यंत राजान्नच, आणि तेंही इतकें कीं ती त्यांत तरंगत असते. तिचें घरही वेगळें. इतरांचीं षट्कोनी घरें आडवीं असतात. राणीघर भुईमुगाच्या शेंगेसारखें खालीं लोंबतें. अंडें घातल्यापासून सोळाव्या दिवसाच्या सुमारास राणी बाहेर पडते. कामकरी माशीला याहून कांहीं दिवस अधिक लागतात. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, जनुकांवर रासायनिक खुणा उमटविणारें एक द्रव्य अळ्यांच्या ठायीं दुबळें केलें, तर एऱ्हवीं कामकरी झाल्या असत्या अशा अळ्यांपैकीं बहुतेक राण्याच होतात. अन्न हें अशा खुणांच्या द्वारें शरीराची घडण पालटवितें. संगोपनाचा महिमा सांगणारा याहून ठळक दाखला सृष्टींत क्वचितच सांपडेल.

हें ज्ञान हातीं आल्यावर मनुष्यानें त्याचा उपयोग करून घेतला, यांत नवल नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील डूलिटल या मधपाळानें १८८९ सालीं राणीसंगोपनावर पुस्तक लिहून एक रीत प्रसिद्ध केली. मेणाच्या लहान वाट्या करावयाच्या, त्यांत अगदीं कोंवळ्या अळ्या अलगद सोडावयाच्या, आणि त्या वाट्या दाया माश्यांनीं भरलेल्या सशक्त वसाहतींत टांगावयाच्या. राण्या विकणाऱ्यांचा धंदा आजही मुख्यतः याच रीतीवर चालतो. पण घरच्या चार पेट्यांसाठीं इतकी यातायात नको. फुलोऱ्याच्या दिवसांत भरलेली वसाहत दुभंगण्याच्या तयारीस लागली, म्हणजे ती आपण होऊन पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरें बांधते. येथें एकत्र कुटुंबांतील वाचकांस एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटेल. या वेळीं घर सोडून जाते ती लेक नव्हे, आई. भरलेलीं पोळीं, साठविलेला मध, पाळण्यांतलीं पोरें, सर्व कांहीं मागें ठेवून, बरोबर कांहीं परिवार घेऊन म्हातारी राणी नव्या जागेच्या शोधांत बाहेर पडते आणि नांदतें घर मुलीच्या स्वाधीन करते.

या राणीघरांपैकीं एक लांबट, सरळ, पक्व झालेलें घर भोंवतालच्या थोड्या पोळ्यासकट कापून घ्यावें. पक्व घराची खूण अशी कीं, त्याच्या टोंकावरचें मेण माश्या खरवडून काढतात व आंतील तपकिरी कोश दिसूं लागतो. तें उलटें करूं नये, त्यास धक्का लावूं नये. मग एक लहान पेटी तयार करावी. दोन-तीन चौकटी मावतील एवढी ती पुरे. त्यांतील एका चौकटींत झांकलेलीं पिलें असावींत, दुसरींत मध व पराग असावा, आणि दोन्ही चौकटी माश्यांनीं चांगल्या झांकलेल्या असाव्यात. वयस्क माश्या जुन्या घरीं परत उडून जातात, म्हणून तरुण माश्या थोड्या अधिकच झटकून घ्याव्यात. दार एखादी माशी जाईल एवढेंच ठेवावें, म्हणजे लूटमार होत नाहीं. पेटीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, नाहीं तर मुंग्या एका रात्रींत कारभार आटोपतात. साखरेचा पाक आंतच, संध्याकाळीं द्यावा. राणीघर एका पेटींत एकच लावावें, कारण आधीं बाहेर आलेली राणी आपल्या बहिणींस जिवंत ठेवीत नाहीं.

लहान पेटी कशाला, असें कोणी विचारील. मोठ्या वसाहतींत कुमारी राणी ठेवली, तर ती अंडीं घालूं लागेपर्यंत सर्व घराचें काम खोळंबतें. आणि तिचा घात झाला तर हजारों माश्यांचें घर बुडतें. लहान पेटींत धोका तोच, पण पणाला लागतात त्या मूठभर माश्या. मात्र यास प्रारंभ करण्यापूर्वीं नर आहेत ना, हें पाहावें. सातेरीच्या नरांच्या घरावरील टोपणाला मधोमध बारीकसें छिद्र असतें, त्यावरून तीं ओळखतां येतात. नवरदेवाचा पत्ता नसतांना नवरी सजविण्यांत अर्थ नाहीं.

विवाह मात्र पेटींत होत नाहीं. स्लोव्हेनियन मधपाळ अँटोन यान्शा हा ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या व्हिएन्ना येथील शाळेंत मधुमक्षिकापालन शिकवीत असे. राणीचा व नरांचा समागम पोळ्याबाहेर होतो, हें त्यानें १७७१ सालींच लिहिलें. पुढें जिनिव्हाचे फ्रान्स्वा ह्यूबर यांनीं तें प्रयोगानें सिद्ध केलें. ह्यूबर तरुणपणींच अंध झालेले होते. त्यांचा विश्वासू सेवक ब्यूर्नेन्स हेच त्यांचे डोळे. कुमारी राणीला कोंडून ठेविलें तर पेटींत नर कितीही असले तरी ती वांझ राहते, आणि मोकळी सोडली तर बाहेर जाऊन समागमाची खूण घेऊन परत येते, हें त्यांनीं दाखविलें. १७९२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. जन्मल्यावर आठवडाभरानें राणी उडते, आकाशांत दहा-वीस नरांशीं तिचा संबंध येतो, ते सर्व नर तेथेंच मरतात, आणि ती माहेरींच परत येते. त्या एक-दोन फेऱ्यांतील शिदोरी तिला जन्मभर पुरते.

या ठिकाणींच माझी चूक झाली. पहिल्या वर्षीं लहान पेटींत राणी सुरेख निघाली. सातव्या दिवशीं परगांवचे पाहुणे आले. त्यांना राणी दाखविण्याच्या हौसेनें, सव्वाचारच्या सुमारास, मीं ती पेटी उचलून ओटीवर आणली, चौकटी काढल्या आणि अर्धा तास शोधलें. राणी सांपडली नाहीं. दडली असेल असें समजून पेटी जागेवर नेऊन ठेविली. दुसऱ्या दिवशींही ती नव्हती. ती बाहेर गेली होती, आणि परत आली तेव्हां तिच्या ओळखीच्या जागीं तिचें घर नव्हतें. पुढें एकेका घरांत दोन-दोन, तीन-तीन अंडीं दिसूं लागलीं. मला वाटलें, राणी आहे! पण तीं अंडीं होतीं कामकरी माश्यांचीं. अफलित अंड्यांतून नरच निघतात, हें सायलेशियांतील धर्मगुरु झीर्झोन यांनीं १८४५ सालींच मांडलें होतें. मला तें माझ्या पेटींत पाहावयास मिळालें. महिन्याभरांत मेणकिड्यानें ती पेटी संपविली.

मी खिन्न होऊन पडवींत बसलों होतों. काकू तेथेंच तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, चार वाजले कीं तुझ्या पेट्यांपुढें ते काळे, जाडे घोंघावूं लागतात, आणि पांच-सव्वापांचला सगळें शांत. रोज. मी आपली घड्याळाऐवजीं त्यांच्याकडे बघून चहाचें आधण ठेवतें. नेमक्या त्याच वेळीं पेटी कशाला रे हलविलीस?"

"काकू, तुम्ही हें आधीं कां नाहीं सांगितलेंत?"

"तूं विचारलेंस कधीं?"

मागाहून वाचनांत आलें तें असें. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेंतील निरीक्षणांत तिन्ही जातींच्या नरांच्या उड्डाणाच्या वेळा नोंदल्या आहेत. फुलोरीचे नर दुपारीं बारा ते अडीच, सातेरीचे सव्वाचार ते सव्वापांच, आणि आग्याचे सूर्य मावळल्यावर. तिन्ही जातींच्या राण्यांचा नरांना आकर्षिणारा मुख्य गंध एकच आहे. म्हणून निसर्गानें प्रत्येक कुळाला मुहूर्त वेगळा नेमून दिला आहे. जें शास्त्रज्ञांनीं घड्याळ लावून टिपलें, तें काकूंनीं चहाच्या आधणावरून ओळखलें होतें.

दुसऱ्या वर्षीं मीं राणीघर लावल्यावर पेटीला हात लावला नाहीं. पेटीपुढें एक ओळखीची खूण म्हणून रंगविलेली फळी ठेविली, आणि तीही पुढें हलविली नाहीं. वेडा राघू व कोतवाल हे पक्षी उडत्या राणीला गट्ट करतात. त्यांवर आमचा उपाय नव्हता. मुलांना ताकीद दिली कीं चार ते साडेपांच परसांत चेंडू नाहीं. राणी निघाल्याच्या पंधराव्या दिवशीं, सकाळीं, एक चौकट उचलली. एकेका घरांत एकेकच अंडें, तळाशीं नीट उभें. काकूंना हांक मारली. त्यांनीं चष्मा लावून पाहिलें आणि म्हणाल्या, "हं. आली बाई घरीं."

हा केवळ छंदाचा विषय नव्हे. १९९१-९२ च्या सुमारास एका विषाणुरोगानें दक्षिण भारतांतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या; थायलंडमधील नमुन्यांवरून त्याला थाई सॅकब्रूड हें नांव पडलें. अशा सांथींतून ज्या वसाहती तगून राहतात त्यांच्याच राण्यांची संतति वाढविणें, हा शहाणपणाचा मार्ग होय. पण राणी निवडली तरी वरपक्ष आपल्या हातीं नसतो. इंग्लंडमधील बकफास्ट मठाचे ब्रदर ॲडम यांनीं १९२५ सालीं डार्टमूरच्या निर्जन माळावर लहान पेट्या नेऊन ठेविल्या, त्या एवढ्याचसाठीं कीं तेथें त्यांनीं निवडलेल्याच वसाहतींचे नर असावेत. आपणांस तें शक्य नाहीं. आपल्या राणीचे वर शेजाऱ्याच्या पेटींतून, देवराईंतल्या ढोलींतून, जुन्या भिंतीच्या भोंकांतून येतात. म्हणून आपल्या भिंतींत मोहोळ बसलें, तर तें जाळून टाकूं नये. तें कोणाच्या तरी राणीचें सासर असतें, जरी ती तेथें नांदावयास कधींच जात नाहीं.

ज्या वाचकांच्या परसांत पेटी आहे त्यांनीं एवढें अवश्य करावें. अन्न द्यावें, निवारा द्यावा, मुंग्या दूर ठेवाव्यात. आणि मुलगी उपवर झाली कीं पंधरा दिवस पेटीजवळ जाऊं नये. यांतील शेवटचें काम सर्वांत सोपें दिसतें. मला तेंच शिकावयाला एक वर्ष व एक वसाहत खर्चावी लागली.