ताठर धमन्यांचा इशारा

हृदयातून रक्त उसळलं की महाधमनी किंचित फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून ते पुढे ढकलते. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांमुळे तिची लवचीकता कमी होते. मग नाडीची लहर जास्त वेगाने धावते आणि हृदयावरचा भार वाढतो. हा वेग मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवरून मोजतात. तो सेकंदाला 10 मीटरपेक्षा जास्त भरला, तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला समजतात, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी.

ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरकही धमन्यांच्या ताठरपणाचा इशारा देतो, तो नीट पाहा: 160/70 म्हणजे फरक 90. साठीनंतर हा फरक सतत 60च्या वर राहत असेल, तर ‘खालचं बीपी चांगलं आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका; डॉक्टरांना दाखवा.