बोलण्याचे पैसे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हाती आलेला कागद ओळीन् ओळ वाचायची खोड असते, असा एक समज आहे. इतरांचे मला ठाऊक नाही. मी मात्र सासूबाईंच्या मोबाइलचे बिल कित्येक वर्षे केवळ तळाचा आकडा पाहून भरत आले. आकडाही ठरलेला: ५९९ रुपये मासिक भाडे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. यंदा गणपतीच्या तोंडावर तो एकदम ८८३ रुपये ८२ पैसे झाला आणि मी बिल न वाचताच निकाल दिला.

"आई, दुपारचे फोन जरा बेताने केलेत तर बरं होईल."

सासूबाईंच्या धाकट्या बहिणी सांगलीला असतात. दुपारी कामवाली बाई भांडी घासून गेली, की दोघींचे पाऊण तास तरी बोलणे चाले. हळदीच्या भावापासून कुणाच्या मुलीच्या साखरपुड्यापर्यंत त्यात सारे येई. माझे वाक्य ऐकून सासूबाई नुसते "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातली दुपार मुकी झाली. मावशींनी आपणहून फोन केला, तरी "ठेवते गं, बिल वाढतं" म्हणून त्या दोन मिनिटांत तो ठेवू लागल्या. येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात बिल आले, ते पुन्हा ८८३ रुपये ८२ पैसे! बोलणे बंद झाले, आणि बिलात एका पैशाचा फरक नाही. तेव्हा कुठे मी चष्मा पुसून वरच्या ओळी वाचायला बसले. बोलण्याच्या रकान्यात शून्य होते. गेल्या महिन्याच्या बिलातही शून्यच होते, कारण हल्लीच्या बहुतेक योजनांत देशातले बोलणे भाड्यातच येते. खाली मात्र 'मूल्यवर्धित सेवा' असे भारदस्त नाव आणि पुढे १५० रुपये. करासह झाले १७७.

विचारता विचारता उलगडा झाला. आषाढात एक फोन आला होता. रोज सकाळी एक अभंग ऐकायचा असेल तर एक दाबा, असे एक गोड आवाज सांगत होता. "अगं, तुकोबा ऐकता का म्हणून कुणी विचारलं, तर नको कसं म्हणायचं?" सासूबाई म्हणाल्या. मग पडद्यावर एक चौकट आली. ती काही केल्या जाईना, म्हणून त्यांनी 'होय'वर बोट टेकवले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, अशा सेवांसाठी दोनदा संमती घेण्याचा दंडक २०१३ साली घातला आहे. गंमत अशी, की आमच्या घरून ती दोन्ही वेळा रीतसर दिली गेली होती. आणि अभंग? सकाळी सहाला वाजणारा तो फोन त्या गजर समजून बंद करीत.

सेवा बंद करायला कंपनीच्या दारी खेटे घालावे लागले नाहीत. १५५२२३ हा त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. त्यावर 'STOP' हे इंग्रजी अक्षरांतले लिहून पाठवायचे किंवा सरळ फोन करायचा. मी तक्रारही नोंदवली. तक्रारीचा क्रमांक मागून, लिहून ठेवावा. निकाल पटला नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाताना तो लागतो. आमचे पैसे परत आले नाहीत. संमती दप्तरी होती, वाद कशावर घालणार?

आता मी शेजारपाजारच्या बिलांतही डोकावते (ह्यांच्या मते हा आगाऊपणा आहे). समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना भलत्याच देशाच्या क्रमांकावरून एकच रिंग येई. सुरुवातीला +९१ नसेल, तर आपण उलट फोन करू नये. परदेशी बोलण्याचा आकार निराळा पडतो, आणि एक रिंग देऊन ठेवणाऱ्याला तेच हवे असते. मुलाकडे परदेशी निघालेल्यांना मी सांगते, की तिथल्या दिवसांचे रोमिंग पॅक आधी घ्या, नाहीतर विमानात बसण्यापूर्वी 'डेटा रोमिंग' बंद करा. फोन खिशात निजलेला दिसला, तरी आतून टपाल आणीतच असतो, त्याचे पैसे होतात. विमानातले आणि बोटीवरचे जाळे तर पुष्कळदा त्या पॅकमध्येही धरलेले नसते. जाहिरातींचे फोन मुळातच कमी करायचे, तर १९०९ वर नोंद करता येते. सासूबाईंच्या नावाची ती मी केली.

हे सगळे त्याच संध्याकाळी उरकले. उरले होते ते अवघड काम. रात्री पाने घेतल्यावर मी म्हणाले, "आई, चूक माझी होती. तुमच्या बोलण्याचा एक पैसाही लागला नव्हता."

"म्हणजे कितीही बोललं तरी तेवढंच?"

"तेवढंच."

"मग हे आधी नाही का सांगायचंस?" असे म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तेव्हा साडेतीन वाजले होते. दारातूनच ऐकू आले, की सांगलीत यंदा चकलीची भाजणी कुणाकुणाची बिघडली.